कॉलरमधला देखणा माणूस

आमच्या घरी माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक होती. ती आजोबांची. आजोबा मुंबईला एका जाहिरात कंपनीत कमर्शियल आर्टिस्ट होते. साबण, चहा, पंखे, केसांचे तेल अशा नाना वस्तूंच्या जाहिरातींची चित्रे त्यांनी उभ्या आयुष्यात काढली. ती वर्तमानपत्रांत छापून आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांत कुणाच्या तरी घरचे शेंगदाणे बांधले गेले. एकाही चित्राखाली त्यांची सही नाही. जाहिरातीवर सही करायची नसते, असा त्या धंद्याचा रिवाज. त्यामुळे आज मला कुणी विचारले की तुझ्या आजोबांचे एखादे चित्र दाखव, तर मला गप्प बसावे लागते.

ट्रंकेत त्यांची स्वतःची चित्रे नव्हतीच. होती ती जुन्या अमेरिकन नियतकालिकांतून कापलेली कातरणे. फाउंटनच्या फूटपाथवर रद्दीत मिळणारे असे अंक ते रविवारी चाळीत आणि पसंत पडले तर घेऊन येत. एकदा तर कुणा साहेबाच्या घरातून निघालेला गठ्ठाच्या गठ्ठा त्यांनी उचलला आणि त्या महिन्यात किराण्याचे पैसे कसे कमी पडले, हे आजी अजूनही सांगते. या कातरणांना ते रेफरन्स म्हणत. हात कसा काढायचा, कोटाची घडी कशी पडते, बूट चकाकतो म्हणजे नेमका कुठे चकाकतो, हे त्यांत बघायचे.

पण आजोबांनी एक गोष्ट केली होती, तिच्यामुळे माझी पुढे फार पंचाईत झाली. त्यांनी चित्रेच तेवढी ठेवली होती. मजकूर, कंपनीचे नाव, तारीख, सगळे कात्रीने उडवले होते. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी ही ट्रंक खाली काढली, तेव्हा माझ्यासमोर दीडशेच्या वर अनाम कागद होते आणि पाच अखंड अंक. कागद पिवळे पडलेले, कडा हात लावताच तुटणाऱ्या. लाकडाच्या लगद्याचा तो स्वस्त कागद आपल्याच अंगच्या आम्लाने जळत जातो. पहिल्याच दिवशी एका फाटक्या पानाला मी सेलोटेप लावली आणि स्वतःला मोठा जाणकार समजलो. ती टेप आता तपकिरी झाली आहे, तिच्यासोबत एका गृहस्थाचा अर्धा कानही. जुना कागद जपू पाहणाऱ्यांनी निदान हे तरी माझ्याकडून शिकावे.

त्या दीडशे कागदांत पुन्हा पुन्हा एकच माणूस दिसू लागला. उभा चेहरा, करवतीने कापल्यासारखी हनुवटी, मागे वळवलेले चकचकीत केस, आणि गळ्याभोवती ताठ पांढरी कॉलर. कधी तो पुस्तक वाचतो, कधी जिन्याशी उभा आहे, कधी नुसताच दूर कुठेतरी बघतो. तो कुणाशी बोलत नाही. समोर सुंदर स्त्री असली तरी तिच्याकडे त्याचे लक्ष असेलच असे नाही. हा कोण? काही कागदांच्या कोपऱ्यात, आजोबांच्या कात्रीतून वाचलेली, चौकोनात बसवलेली तीन अक्षरे होती: जे, सी आणि एल. आजकाल मोबाइलने फोटो काढून चित्र शोधता येते. मलाही अखेर तसेच कळले, यात माझी कर्तबगारी काही नाही. ती सही जोसेफ ख्रिश्चन लायनडेकर या चित्रकाराची होती. त्यानंतरची दोन वर्षे मी मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत आलो आहे.

लायनडेकरचा जन्म २३ मार्च १८७४ चा, जर्मनीतल्या मोन्टाबाउर या गावचा. १८८२ मध्ये, म्हणजे तो आठ वर्षांचा असताना, कुटुंब अमेरिकेला शिकागोस आले. घरची स्थिती बेताची. मुलाचा हात चित्रात चालतो हे दिसत होते, पण शिकवायला पैसे कुठले? सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो एका ब्लॉक बनवणाऱ्या छापखान्यात उमेदवारीला लागला. दिवसा काम आणि रात्री शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, असा क्रम. तिथे मानवी शरीराचे रेखाटन शिकवणारा जॉन व्हँडरपोल हा त्याचा गुरू. शरीररचना पक्की असल्याशिवाय कोट नीट बसत नाही, हे लायनडेकरची चित्रे बघताना जाणवते ते या पायामुळे. वीसेक वर्षांचा असताना त्याने एका बायबलसाठी साठ चित्रे काढली.

पुढे तो आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रँक, दोघे मिळून पॅरिसला गेले. १८९६ आणि १८९७ ही वर्षे त्यांनी तिथल्या अकादमी ज्युलियाँमध्ये काढली. त्या काळी पॅरिसच्या भिंतींवर शेरे आणि म्यूखा यांची पोस्टरे झळकत होती. चित्र दालनात टांगण्यासाठी असते तसे रस्त्यावर चिकटवण्यासाठीही असू शकते, आणि तिथेही ते उत्तम असू शकते, हे या मुलांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. त्याच १८९६ साली सेंच्युरी मासिकाच्या पोस्टर स्पर्धेत लायनडेकरला पहिले बक्षीस मिळाले. दुसरे बक्षीस मॅक्सफील्ड पॅरिशचे होते, आणि तोही पुढे अमेरिकेतला मोठ्या नावाचा चित्रकार झाला. तेव्हा स्पर्धा काही लिंबूटिंबूंची नव्हती.

आता थोडे त्या काळाविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. तेव्हा रेडिओ नव्हता, बोलपट नव्हता. अमेरिकेसारख्या खंडप्राय देशात सगळ्या घरांत एकाच आठवड्यात पोचणारी गोष्ट एकच, ती म्हणजे साप्ताहिक. फिलाडेल्फियाच्या कर्टिस कंपनीचे सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट हे त्यांतले बलाढ्य. किंमत पाच सेंट. १९०८ च्या अखेरीस त्याचा खप दहा लाखांवर गेला. पाच सेंटांत एवढा जाड अंक परवडे तो अर्थातच जाहिरातींच्या जिवावर. कॉर्नफ्लेक्स, मोटारी, मोजे, टायर, साबण यांची पानेच्या पाने. छायाचित्रांची रंगीत छपाई तेव्हा धड होत नसे, म्हणून सगळा भार चित्रकारांवर. आपल्याकडे ज्याला हलके काम समजले जाई ते तिकडे उत्तमातल्या उत्तम चित्रकारांकडे जात होते आणि त्याचे दामही तसेच मिळत होते.

पोस्टसाठी लायनडेकरने पहिले मुखपृष्ठ १८९९ च्या मे महिन्यात केले. शेवटचे १९४३ च्या जानेवारीत. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत एकूण ३२२. जॉर्ज लॉरिमर हा संपादक चित्रांच्या बाबतीत मोठा चोखंदळ होता आणि लायनडेकरवर त्याचा पूर्ण भरवसा होता. १९२६ पर्यंत पोस्टची मुखपृष्ठे बहुधा काळ्या आणि तांबड्या या दोनच रंगांत छापली जात. दोन रंगांत काय होणार, असे वाटते. पण माझ्याजवळच्या कातरणांत सर्वांत ठसठशीत जी आहेत ती या दोन रंगांचीच. रंगांची ददात असली म्हणजे आकाराला नेटके राहावे लागते. नव्या वर्षाच्या अंकावर एक गुटगुटीत बाळ काढण्याची प्रथा त्याने १९०६ च्या अखेरीस सुरू केली आणि ती दरवर्षी पाळली. १९१२ चे बाळ स्त्रियांना मतदानाचा हक्क मागते. १९४३ चे, म्हणजे शेवटचे बाळ डोक्यावर शिरस्त्राण घालून नाझींच्या स्वस्तिकावर संगीन रोखते. अमेरिकेच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या चिंता या एका उघड्या बाळाच्या अंगावर वाचता येतात.

पण आजोबांच्या ट्रंकेतला देखणा गृहस्थ मुखपृष्ठावरचा नव्हे, जाहिरातीतला. त्याची हकिगत अशी. त्या काळी शर्टाची कॉलर सुटी असे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी ट्रॉय नावाचे शहर आहे. तिथल्या हॅना माँटेग्यू नावाच्या गृहिणीने १८२७ च्या सुमारास ही युक्ती काढली असे सांगतात. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर तेवढी मळते, तर तिच्यापायी सबंध शर्ट का धुवायचा? तिने कॉलर कापली, धुतली आणि पुन्हा जोडली. त्यातून ट्रॉयमध्ये कॉलरींचे कारखानेच उभे राहिले. त्यांतली क्लुएट, पीबॉडी आणि कंपनी ॲरो या नावाने कॉलरी विकी. १९०५ मध्ये कंपनीने लायनडेकरला गाठले. आता कॉलर ही काय चित्र काढण्यासारखी वस्तू आहे? खळ दिलेली पांढरी पट्टी! लायनडेकरने पट्टी बाजूला ठेवली आणि ती घालणारा माणूस काढला. ही कॉलर घ्या म्हणून सांगायचे नाही. ही कॉलर घालणारा कसा असतो तेवढे दाखवायचे. पुढे शंभर वर्षे जगभरच्या जाहिरातींनी तेच केले आहे.

हा ॲरो कॉलरवाला एवढा लोकप्रिय झाला की त्याच्या नावाने कंपनीकडे ढिगांनी पत्रे येत, त्यांत लग्नाच्या मागण्याही असत. कोल पोर्टरने १९३४ साली आपल्या एका गाण्यात जगातल्या सर्वोत्तम वस्तूंची यादी केली, तीत ॲरो कॉलर आहे. मुली ज्याला पत्रे लिहीत होत्या तो माणूस अस्तित्वातच नाही, असे बहुतेकांना वाटे. पण तसे नव्हते. लायनडेकर नेहमी जिवंत मॉडेल समोर बसवूनच चित्र काढी, आणि त्या चेहऱ्याच्या मागे मुख्यतः एकच माणूस होता. त्याचे नाव चार्ल्स बीच.

बीच मूळचा कॅनडाचा. १९०३ च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मॉडेल म्हणून आला आणि लायनडेकरच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे, त्याच्यापासून हलला नाही. मॉडेल, मग व्यवस्थापक, घर चालवणारा, पैशांचे व्यवहार बघणारा. आज आपण सरळ जोडीदार म्हणू. लायनडेकरने लग्न केले नाही. त्या काळच्या अमेरिकेत दोन पुरुषांमधले असे संबंध कायद्याने गुन्हा होते (आपल्याकडेही ते कलम २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत होतेच), म्हणून याविषयी दोघांपैकी कुणाचा एक शब्द उरलेला नाही. उरली आहेत ती चित्रे. ती पुन्हा बघितली म्हणजे कळते की हा चेहरा विकण्यासाठी काढलेला असला तरी विक्रीसाठी एवढ्या बारकाईची गरज नव्हती. मानेवरची ती सावली, कानामागचा तो उजेड, हे कॉलरीच्या गिऱ्हाइकासाठी नव्हे. सबंध देश ज्याला आदर्श अमेरिकन तरुण समजून कॉलरी घेत होता, तो एका चित्रकाराने प्रेमाने पाहिलेला माणूस होता. हे कुणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असेल तर कुणी बोलले नाही.

१९१४ साली लायनडेकरने न्यूयॉर्कच्या उत्तरेला न्यू रोशेल येथे मोठे घर बांधले. तिथे तो, बीच, भाऊ फ्रँक आणि बहीण ऑगस्टा राहत. फ्रँक हाही चांगला चित्रकार; व्हॅनिटी फेअर, लाइफ यांसारख्या नियतकालिकांची मुखपृष्ठे त्याने केली. पण थोरल्याच्या सावलीत तो खुरटला, व्यसनाच्या आहारी गेला. घरात भांडणे वाढली, १९२३ मध्ये फ्रँक घर सोडून गेला आणि १९२४ मध्ये वारला. या भागावर मला फार लिहिता येत नाही. एकाच्या कीर्तीखाली दुसरा कसा दबतो, हे बाहेरून बघणाऱ्याला कधीच पुरते कळत नाही.

त्याच गावात एक तरुण चित्रकार राहत असे. तो लायनडेकर स्टेशनवरून चालत जाताना त्याच्या मागोमाग जाई, त्याची चाल न्याहाळी. तो नॉर्मन रॉकवेल. पुढे दोघांची मैत्री झाली आणि आणखी पुढे रॉकवेल हाच पोस्टचा सर्वांत लाडका चित्रकार झाला. आज अमेरिकेबाहेरही रॉकवेलचे नाव ठाऊक असते, लायनडेकरचे नसते. रॉकवेलने १९६० साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्यात लायनडेकरवर भरभरून लिहिले आहे. मात्र बीचला त्याने बांडगुळासारखा रंगवला आहे: आळशी, परजीवी, मालकाला जगापासून तोडणारा. बराच काळ बीचविषयी जगाला जे माहीत होते ते एवढेच. मला हे अन्यायाचे वाटते. रॉकवेलला तो माणूस आवडला नाही, हे खरे असेल. पण ज्याला स्वतःची बाजू मांडायची सोयच नव्हती त्याच्याविषयीची एकुलती एक साक्ष ती, आणि तीही न आवडणाऱ्याची. बीचने पन्नास वर्षे दार लावून धरले, ते मालकाला कोंडण्यासाठी की त्याला वाचवण्यासाठी, हे रॉकवेलला कसे कळणार?

लायनडेकरचे तंत्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मी चित्रकलेचा विद्यार्थी नाही, तेव्हा दिसले तेवढे सांगतो. तो आधी लहान लहान अभ्यासचित्रे करी, एकेका हाताची, एकेका घडीची. मग चौकोन आखून ती मोठ्या कॅनव्हासवर उतरवी. तेल आणि टर्पेंटाइन यांचे एक मिश्रण तो वापरी, त्याचे प्रमाण त्याने गुप्त ठेवले. कुंचल्याचे फटकारे रुंद, तिरपे, एकमेकांना समांतर. जिथे गरज नाही तिथे कॅनव्हास कोरा. त्यामुळे रेशीम रेशमासारखे दिसते, पण जवळ गेले की चारच फटकारे. आजोबांनी एका कातरणावर बटर पेपर ठेवून हे फटकारे पेन्सिलीने मोजले होते. कागदाच्या कडेला आकडा लिहिला आहे: एका बाहीला अकरा.

मग दिवस फिरले. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, त्याने युद्धकर्जाची गाजलेली पोस्टरे केली. पण त्याच युद्धाने त्याचा कॉलरवाला संपवला. मऊ, शिवलेल्या कॉलरीचे शर्ट घालून घरी परतलेल्या सैनिकांना पुन्हा त्या ताठ पट्टीत मान घालायची नव्हती. ॲरो कंपनी शर्टांकडे वळली आणि १९३१ च्या सुमारास ती चित्रमालिका थांबली. मंदी आली. १९३६ अखेर लॉरिमर निवृत्त झाला आणि नव्या संपादकांना नवे काहीतरी हवे होते. रंगीत छायाचित्रण सुधारले होते. कॅमेरा चित्रकारापेक्षा स्वस्त पडतो. मोठ्या घरात नोकरचाकर कमी झाले, बाग त्याची त्यालाच बघावी लागू लागली. १९४३ नंतर पोस्टचे काम बंद. रविवारच्या एका पुरवणीची मुखपृष्ठे तेवढी शेवटपर्यंत चालू होती. २५ जुलै १९५१ रोजी न्यू रोशेलच्या त्याच घरी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ७७. कोट्यवधी लोकांनी ज्याची चित्रे घरात भिंतीवर लावली त्याच्या अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रॉकवेल होता.

मरण्यापूर्वी लायनडेकरने बीचला सांगून ठेवले होते की पत्रे, कागद, रेखाटने सगळी नष्ट कर. बीचने पुष्कळसे तसे केलेही. मालमत्ता बीच आणि ऑगस्टा यांच्यात विभागली गेली. उरलेली मूळ चित्रे घरच्या अंगणातल्या विक्रीत काढली गेली. पंचाहत्तर डॉलरला एक असा भाव होता असे म्हणतात. बीचही फार जगला नाही. त्यांतलीच काही चित्रे पुढे संग्रहालयांत गेली. सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह आज कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनच्या हॅगिन म्युझियममध्ये आहे. पोस्टच्या १९१४ च्या एका मुखपृष्ठाचे मूळ चित्र, त्यात फुटबॉल खेळून मार खाऊन आलेला एक पोरगा आहे, २०२१ च्या मे महिन्यात लिलावात ४१ लाख डॉलरवर गेले.

या लिलावाची बातमी मी आजीला सांगितली तेव्हा तिने आधी ट्रंकेकडे पाहिले. तिला समजावून सांगावे लागले की आपल्याकडचे छापील कागद आहेत, असे दहा लाख छापले गेले होते. मग तिने विचारले की दहा लाखांतले उरले किती. याचे उत्तर मला देता आले नाही. साप्ताहिक हे पुढच्या शनिवारी रद्दीत जाण्यासाठीच छापलेले असते. दोन्ही महायुद्धांत तर अमेरिकेत जुने कागद मोहिमा काढून गोळा केले गेले. जे वाचले ते कुणीतरी पान फाडून ठेवले म्हणून, कुणाच्या तरी माळ्यावर राहिले म्हणून. जाहिरातीची पाने जपणाऱ्यांना हसणारे पुष्कळ असतात. पण माणसाने स्वतःच्या हाताने जाळायला सांगितलेले आयुष्य आज जे थोडेफार वाचता येते, ते या पानांवरूनच.

इथे माझे मन मात्र दोन बाजूंना ओढते. त्याने जाळायला सांगितले होते. मग आपण त्याच्या घरात डोकावतो आहोत का? आमच्या इंग्रजीच्या सरांशी मी यावर बराच वाद घातला. सरांचे म्हणणे, छापलेले ते जगाचे आणि न छापलेले ते त्याचे. आपण छापलेल्यापाशी थांबावे. मी थांबण्याचा प्रयत्न करतो. पण चेहरा छापलेलाच आहे ना? आणि त्या चेहऱ्याकडे कुणी कसे पाहिले होते, तेही त्याच छपाईत आले आहे.

सध्या मी रोज एक तास ट्रंकेला देतो. कातरण आम्लरहित कागदात ठेवायचे, आडवे ठेवायचे, उन्हापासून आणि कसरीपासून जपायचे, टेप लावायची नाही. दीडशेंपैकी छत्तीस लायनडेकरची आहेत असे मी ठरवले आहे. त्यांतल्या एकोणीस चित्रांच्या तारखा लागल्या. बाकीच्यांत मोज्यांच्या, सुटांच्या जाहिराती आहेत, दुसऱ्या चित्रकारांच्याही आहेत.

तळाशी एक कागद निघाला, तो अजून कुणाचा ते लागत नाही. पांढऱ्या शर्टातला तरुण, मान किंचित कललेली, हातात चहाचा कप. फटकारे तिरपे आहेत, रुंद आहेत, बाहीवर मोजले तर अकरा भरतात. पण कपबशी आपल्याकडची दिसते, आणि कागद अमेरिकन साप्ताहिकाचा नाही, जाडसर ड्रॉइंग पेपर आहे. कोपऱ्यात सही नाही. आजीला दाखवला तर तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली की चेहरा धाकट्या काकांसारखा वाटतो, पण नक्की सांगता येत नाही. तो कागद मी वेगळ्या पाकिटात ठेवला आहे.